बायकांसाठीची प्रवासी सॅक हवी, छोटी बॅग सुटी होणारी. जरा लवकर सांगा

रानजाई | 9 सप्टेंबर, रात्री 11:42
तीन दिवस नुसती शोधतेय, आता डोकं चालेनासं झालंय. पाठीवरची मोठी सॅक हवी आहे, जिच्यावर चेनने जोडलेली छोटी बॅग असते आणि ती काढून दिवसभर वेगळी वापरता येते. बायकांच्या मापाची हवी. मागच्या वेळी भावाची सॅक नेली होती. दुसऱ्याच दिवशी खांद्यांवर वळ उठले आणि घरी येईपर्यंत मान आखडलेली होती. तसं पुन्हा नको. ऑनलाइन सगळीकडे 'अत्यंत आरामदायी' लिहिलेलं असतं, त्यावरून काही कळत नाही. ज्यांनी स्वतः वापरली आहे त्यांनीच नाव सांगा. तिकिटं काढून झाली आहेत.

डोंगरवाट | 10 सप्टेंबर, सकाळी 7:15
कुठे चाललात, किती दिवस, बजेट किती, तुमची उंची किती? हे कळल्याशिवाय नाव सांगणं म्हणजे पाय न बघता चप्पल सुचवण्यासारखं आहे.

कातळकडा | 10 सप्टेंबर, सकाळी 8:03
जोडबॅगेच्या नादी लागू नका. माझ्याकडे एक होती, कंपनीचं नाव घेत नाही. दीड वर्षात जोडणारी चेन दातांतून सुटली आणि छोटी बॅग एका बाजूने लोंबायला लागली. त्यापेक्षा साधी 50 लिटरची ट्रेकिंग सॅक घ्या आणि आत घडी करून ठेवता येईल अशी हलकी पिशवी टाका. डेकॅथलॉनमध्ये घडीची 10 लिटरची मिळते, मुठीत मावते. सह्याद्रीत वीस वर्षं फिरतोय, यापेक्षा जास्त काही लागत नाही.

निवांतपणे | 10 सप्टेंबर, सकाळी 9:30
पाठीवर ओझं हवंच कशाला? चार चाकांची ट्रॉली घ्या. आम्ही दोघं गेल्या वर्षी युरोपला पंधरा दिवस ट्रॉली घेऊन फिरलो, पाठीला काहीही त्रास नाही. मानेचं दुखणं असेल तर डॉक्टरही हेच सांगतील.

रानजाई | 10 सप्टेंबर, सकाळी 10:11
ट्रॉली नको. हे मी पहिल्या ओळीतच लिहिलं आहे. ईशान्य भारतात चालले आहे, 24 दिवस, एकटी. बजेट दहा हजारांपर्यंत. कृपया सॅकबद्दलच बोला.

निवांतपणे | 10 सप्टेंबर, सकाळी 10:20
पहिल्या ओळीत ईशान्य भारत नव्हतं. पण गुवाहाटीपर्यंत विमानच असणार ना? विमानतळावर ट्रॉलीच बरी पडते, म्हणून म्हटलं.

डोंगरवाट | 10 सप्टेंबर, सकाळी 10:48
रानजाई, उंची अजून सांगितली नाहीत. आणि ईशान्य भारत म्हणजे नक्की कुठे? हॉटेलच्या दारापर्यंत गाडी जाणार असेल तर एक उत्तर, नोंग्रियाटला, म्हणजे दरीतल्या गावात पायऱ्यांनी उतरणार असाल तर दुसरं.

रानजाई | 10 सप्टेंबर, दुपारी 1:05
उंची चार फूट अकरा, वजन 47 किलो. गुवाहाटी, शिलाँग, सोहरा (चेरापुंजी), नोंग्रियाटला दोन रात्री. मग जोरहाटवरून बोटीने माजुली, तिथून तेजपूर आणि तेजपूरहून सुमोने तवांग. ऑक्टोबरच्या शेवटी निघतेय. सगळा प्रवास सुमो, बस आणि रेल्वेने. सुमोत मोठी बॅग टपावर जाते असं ऐकलं, म्हणूनच छोटी सुटी होणारी हवी. पैसे, औषधं, कॅमेरा, स्वेटर मांडीवर राहील. एवढं सांगायला लागेल असं वाटलं नव्हतं.

ऊनसावली | 10 सप्टेंबर, दुपारी 3:37
हे सगळं सांगितलंत ते बरं झालं, कारण तुमच्या दुखण्याचं कारण यातच आहे. मी पाच फुटांची आहे आणि तुमच्यासारखेच वळ घेऊन एकदा परत आले आहे.

सॅक निवडताना उंचीपेक्षा पाठीची लांबी महत्त्वाची. आज घरी कुणाकडून तरी मोजून घ्या. डोकं पुढे वाकवलं की मानेच्या मुळाशी एक मणका ठळक हाताला लागतो. तिथे टेपचं एक टोक धरायचं. मग दोन्ही हात कमरेवर ठेवायचे, कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेवर, अंगठे मागच्या बाजूला. दोन्ही अंगठ्यांना जोडणारी जी आडवी रेघ होते तिथपर्यंत, पाठीच्या कण्यावरून, सेंटीमीटरमध्ये माप घ्यायचं. मोजताना ताठ उभं राहा, नाहीतर दोन-तीन सेंटीमीटरचा फरक पडतो.

भावाची सॅक तुमच्या पाठीला लांब झाली असणार. सॅक लांब असली की कमरपट्टा हाडाच्या खाली, कुल्ह्यांवर घसरतो. तिथे तो काहीही पेलत नाही आणि सगळं ओझं खांद्यांवर येतं. नीट बसलेल्या सॅकमध्ये बहुतेक वजन कमरेच्या हाडांवर असतं, खांद्यांचे पट्टे फक्त सॅक पाठीला धरून ठेवतात. घालण्याचा क्रमही त्याच हिशेबाने: सगळे पट्टे सैल करा, सॅक पाठीवर घ्या, आधी कमरपट्टा हाडांच्या कडेवर आवळा, मग खांद्याचे पट्टे, मग खांद्याच्या वरून सॅकच्या माथ्याकडे जाणारे छोटे पट्टे हलकेच ओढा, छातीचा पट्टा सगळ्यात शेवटी. मी पूर्वी बरोबर उलट करायचे, खांदे आधी आवळायचे.

वजन 47 किलो म्हणजे नऊ किलोच्या पुढे जाऊ नका. बॅगेचं स्वतःचं वजनही त्यात धरा. जोडबॅगवाल्या सॅक रिकाम्याच पावणेदोन-दोन किलोच्या असतात.

कातळकडा | 10 सप्टेंबर, दुपारी 4:20
मोजमापाचं पटलं. पण बायकांची सॅक म्हणजे जांभळा रंग आणि जास्त किंमत. पट्टे कमीजास्त करता आले की कुठलीही चालते. माझी बायको माझीच जुनी सॅक वापरते.

ऊनसावली | 10 सप्टेंबर, संध्याकाळी 5:02
रंगापुरता फरक असलेल्या बॅगाही बाजारात आहेत, तेवढं मान्य. पण चांगल्या कंपन्यांच्या बायकांच्या सॅकमध्ये तीन गोष्टी खरोखर वेगळ्या असतात. खांद्याचे दोन पट्टे एकमेकांच्या जवळ शिवलेले असतात, त्यामुळे अरुंद खांद्यांवरून ते बाहेर घसरत नाहीत. पट्ट्यांना छातीपाशी वळण असतं, सरळ पट्टा बाजूने काचतो. आणि कमरपट्टा तिरका कापलेला असतो, कारण कमर आणि कुल्ह्यांचा उतार पुरुषांपेक्षा जास्त असतो. तुमच्या सौभाग्यवतींची उंची किती?

कातळकडा | 10 सप्टेंबर, संध्याकाळी 5:15
पाच फूट सहा.

ऊनसावली | 10 सप्टेंबर, संध्याकाळी 5:18
म्हणून तुमची सॅक त्यांना चालते.

बाभूळबन | 10 सप्टेंबर, रात्री 8:50
ताई, मी 2016 साली नर्मदा परिक्रमा पायी केली. निघताना अकरा किलो होतं, ओंकारेश्वरहून निघाल्यावर आठवड्याच्या आत सहा किलोवर आलो. उरलेलं वाटेत वाटून टाकलं. दोन जोड कपडे, एक पंचा, एक चादर, ताट-वाटी, औषधं. मैया बाकी सगळं पुरवते. 24 दिवसांसाठी 50 लिटर कशाला? आधी सामान घरी अंथरुणावर मांडा, त्यातलं अर्धं परत कपाटात ठेवा आणि मग बॅग घ्यायला जा.

डोंगरवाट | 10 सप्टेंबर, रात्री 9:10
बाभूळबन काका, तवांगला नोव्हेंबरच्या सुरुवातीला रात्री कडाक्याची थंडी असते. चादरीवर भागणार नाही, जाड जॅकेट लागेलच. पण अंथरुणावर मांडायची गोष्ट अगदी योग्य. मोठी 40 आणि छोटी 15 लिटर, एवढं पुष्कळ झालं.

लुईतकाठ | 11 सप्टेंबर, सकाळी 6:25
मी मूळची साताऱ्याची, गेली सहा वर्षं तेजपूरला राहते. सुमोबद्दल बरोबर ऐकलंत. मोठं सामान टपावर जातं, वर ताडपत्री आणि दोरी. तेजपूर ते तवांग सगळा दिवस जातो, गाड्या पहाटेच सुटतात, आणि बोमडिला-दिरांगच्या पुढे मध्येच कपडे चढवावे लागतात. त्या वेळी ड्रायव्हर टपावरून बॅग उतरवून देत नाही. तेव्हा छोटी बॅग मांडीवर हवी हा तुमचा विचार पक्का धरा.

दोन गोष्टी बॅग घेताना बघा. पहिली, पाठीचे पट्टे झाकणारं कापड. काही प्रवासी सॅकमध्ये एक पडदा असतो, तो चेनने ओढला की पट्टे आत जातात. टपावर दोरीत आणि विमानतळाच्या सरकपट्ट्यावर मोकळे पट्टेच अडकून तुटतात. दुसरी, रेनकव्हरवर विसंबू नका. ते टपावर वाऱ्याने फुगून निघून जातं. सॅकच्या आत जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी घाला आणि सगळं सामान तिच्यात भरून तोंड पिळून बांधा. ऑक्टोबरअखेर पाऊस ओसरलेला असतो, तरी सोहऱ्याचा भरवसा नाही.

नोंग्रियाटला मोठी बॅग खाली नेऊ नका. वरच्या तिर्ना गावापासून साडेतीन हजारांच्या आसपास पायऱ्या आहेत आणि येताना त्या सगळ्या चढायच्या आहेत. सोहऱ्यात जिथे उतराल तिथे मोठी ठेवा, दोन रात्रींचं छोटीत न्या.

सह्यरेखा | 11 सप्टेंबर, सकाळी 9:40
तवांग अरुणाचलमध्ये येतं आणि अरुणाचलसाठी इनर लाइन परमिट (राज्यात शिरायचा परवाना) लागतं, ऑनलाइन काढता येतं, मेघालय आणि आसामला लागत नाही. परमिटच्या छापील प्रती दोन तरी ठेवा. आणि तवांगच्या वाटेवरचा सेला बोगदा 2024 च्या मार्चमध्ये सुरू झाला आहे, त्यामुळे सेला खिंडीतल्या बर्फात अडकायची भीती कमी झाली. तरी ड्रायव्हरला सांगून एकदा खिंडीवरूनच जा, वरचं तळं बघण्यासारखं आहे.

रानजाई | 11 सप्टेंबर, दुपारी 12:30
परमिट काढून झालं आहे, आभार. लुईतकाठ ताई, पायऱ्यांचं वाचून बरं वाटलं, मी मोठी घेऊनच उतरणार होते.
आईकडून पाठ मोजून घेतली. दोनदा मोजली, 38 सेंमी. भावाच्या सॅकची पाठ मोजली तर 50 च्या वर आहे! आता तरी नाव सांगा कुणीतरी.

पोटमाळा | 11 सप्टेंबर, दुपारी 2:14
तुम्ही वर्णन करताय ती नेमकी बॅग म्हणजे ऑस्प्रेची फेअरव्ह्यू 55. बायकांसाठीची, छोटी बॅग 15 लिटरची, चेनने सुटी होते, समोरून सूटकेससारखी उघडते आणि लुईतकाठ म्हणतात तो पट्टे झाकणारा पडदाही आहे. नव्या आवृत्तीत पाठीची लांबी कमीजास्त करता येते. डॉयटरची एव्हिएंट अ‍ॅक्सेस प्रो बघा, तिच्या नावापुढे एसएल असेल तर ती बायकांची. पण दोन्ही तुमच्या दहा हजारांत बसणार नाहीत. ट्रायपोलच्या कर्नल मालिकेत सुटी होणारी बॅग स्वस्तात मिळते, पण ती फार मोठी, 38 सेंमीच्या पाठीला मी सुचवणार नाही.

कातळकडा | 11 सप्टेंबर, दुपारी 2:40
म्हणजे पुन्हा माझ्याच मुद्द्यावर आलो. बायकांच्या मापाची 40-45 लिटरची ट्रेकिंग सॅक आणि वेगळी छोटी बॅग. दहा हजारांत आरामात. बायकांचं माप असतं हे आता मान्य करतो.

पोटमाळा | 11 सप्टेंबर, दुपारी 2:52
घडीची पिशवी मात्र तिला पुरणार नाही. तिला ना पाठीला गादी, ना धड पट्टे. नोंग्रियाटच्या पायऱ्या कॅमेरा आणि पाणी घेऊन चढायच्या आहेत.

ऊनसावली | 11 सप्टेंबर, संध्याकाळी 6:30
रानजाई, माझ्याकडे फेअरव्ह्यू 55 आहे, लहान मापातली. जानेवारीपर्यंत मला लागणार नाही. तुम्ही ठाणे-मुंबईकडे असाल तर घेऊन जा. आधी घरी भरून बघा, पटली तर प्रवासाला न्या. व्यनि (खाजगी निरोप) करते आहे.

रानजाई | 11 सप्टेंबर, संध्याकाळी 6:41
डोंबिवलीला असते. काय बोलू कळत नाही. व्यनिला उत्तर दिलं आहे.

निवांतपणे | 11 सप्टेंबर, संध्याकाळी 7:05
हे फार छान झालं. रानजाई, मानेचे दोन सोपे व्यायाम आहेत, तेही व्यनि करून ठेवतो.

रानजाई | 15 सप्टेंबर, रात्री 10:20
बॅग काल आणली. साडेआठ किलो सामान भरलं, ऊनसावली ताईंनी सांगितलेल्या क्रमाने पट्टे आवळले आणि आमच्या इमारतीचे पाच मजले चार वेळा चढले-उतरले. खांद्यांवर एकही वळ नाही. कमरेच्या हाडांवर वजन बसतं म्हणजे काय ते पहिल्यांदा कळलं. बाभूळबन काकांचं ऐकून सामान अंथरुणावर मांडलं होतं, तीन कुर्ते आणि दुसरे बूट परत ठेवले.

एकच अडचण. छोटी बॅग मागे जोडलेली असली की पायऱ्या उतरताना मागे ओढल्यासारखं होतं. छोटीत कॅमेरा, पाण्याची बाटली, पॉवरबँक आणि डबा आहे. काही चुकतंय का?

कातळकडा | 15 सप्टेंबर, रात्री 10:58
छोटी बॅग पाठीपासून सगळ्यात लांब असते, म्हणून तिच्यातला एक किलोही जास्त ओढतो. जड वस्तू मोठ्या सॅकमध्ये, पाठीला चिकटून, खांद्यांच्या पात्यांच्या उंचीला ठेवा. छोटीत फक्त स्वेटर, टॉवेल, खाऊ. नाहीतर ती काढून पुढे छातीवर घाला. बाजूचे आवळायचे पट्टे आहेत ना, ते छोटीच्या वरून घेऊन घट्ट ओढा. त्या पट्ट्यांनी ओढ चेनवर येत नाही. माझ्या बॅगेला मी ते कधी आवळलेच नव्हते.

रानजाई | 15 सप्टेंबर, रात्री 11:30
आत्ताच भरून परत दोन मजले उतरून आले. ओढ गेली. बाटली आता आतल्या कप्प्यात आहे.