परदेशी सहलीत आंदोलन पेटलं तर? अनुभव सांगा

मुलांना घेऊन परदेशात असताना तिथलं राजकारण रस्त्यावर उतरलं, असं कोणाच्या वाट्याला आलंय का? पुढच्या वर्षी २२ विद्यार्थी माझ्या हवाली आहेत. सूचनापत्रकं वाचून झाली. घडलेलं सांगा, फजितीसुद्धा.

*

कैरो, जानेवारी २०११. २५ तारखेला तहरीर चौकात गर्दी जमली. हॉटेलवाले म्हणाले, दोन दिवसांत निवळेल. आम्हालाही तेच ऐकायचं होतं! शुक्रवारी, २८ला, इंटरनेट गेलं, मोबाइल मुके झाले. सरकारनेच बंद केले होते. संध्याकाळी संचारबंदी. पालकांच्या नंबरांची यादी माझ्या ईमेलमध्ये, आणि मुलांना फोन आणायला आम्हीच मनाई केलेली. हॉटेलचा लँडलाइन तेवढा चालू होता. मला फक्त घरचा नंबर पाठ. बायकोने शाळेतून यादी मिळवली आणि रात्री उशिरापर्यंत एकेका घरी फोन करत बसली. तेव्हापासून यादी कागदावर, तिन्ही शिक्षकांच्या खिशात. सरांच्या मोज्यातही एक प्रत असते, असं मुलं चिडवतात. (खरं आहे.)

*

आम्ही सप्टेंबर २०२५मध्ये काठमांडूत अडकलो. ९ तारखेला सिंहदरबार, म्हणजे तिथलं सरकारी मुख्यालय, पेटला, विमानतळ बंद झाला. माझी मुलं घाबरली नव्हती, हीच पंचाईत! गच्चीवर जाऊन व्हिडिओ काढायचा होता सगळ्यांना. शेवटी गच्चीच्या जिन्यात खुर्ची टाकून मीच बसले. दर दोन तासांनी हजेरी, खोल्यांचे पडदे ओढलेले. 'मोठ्या हॉटेलात हलवा' असा पालकांचा धोशा होता. त्याच दिवशी शहरातलं एक बडं हॉटेल जाळलं गेलं. आम्ही गल्लीतल्या लॉजवरच राहिलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विमानतळ उघडला, तरी लगेच निघालो नाही. आधी रस्त्याची खात्री केली.

*

बँकॉक, नोव्हेंबर २००८. आंदोलकांनी सुवर्णभूमी विमानतळच ताब्यात घेतला होता. आम्ही बॅगा चेक-इन करून बसलेलो, आणि एका मुलाचा दम्याचा पंप त्यातल्याच एका बॅगेत. बाकी काही सांगत नाही. औषध हातातल्या पिशवीत, बस्स.

*

कैरोवाले सर, फोनबंदी मात्र पटली नाही. हरवलेलं पोर शोधायचं कसं?

*

आता बंदी नाही हो. पण नेटवर्क गेलं तर कुठे जमायचं, ते रोज सकाळी ठरवतो. हॉटेलचा पत्ता तिथल्या लिपीत लिहून प्रत्येकाकडे देतो.

*

आभार सगळ्यांचे. पालकांना दिवसातून किती वेळा कळवायचं?

*

दोनदा, ठरलेल्या वेळी, एकाच व्यक्तीने. मी आधी दर तासाला कळवत होते. एकदा चुकलं तर ४० फोन आले.