मदत हवी आहे: नाईन इंच नेल्सच्या 'मार्च ऑफ द पिग्ज'चा क्लिक आणि गिटारचा आवाज

ठेका_चुकला:
'द डाउनवर्ड स्पायरल' (१९९४) या अल्बममधलं हे गाणं बँडसाठी बसवतोय. रीपर (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर), दोन चॅनेलचा ऑडिओ इंटरफेस, सिंगल कॉइल पिकअपची गिटार. नेटवर टेम्पो २६९ दिलाय, तो टाकला की क्लिक (मेट्रोनोमची टिकटिक) दुप्पट पळतो. ७/८ च्या तीन बारनंतर ४/४ लावला की क्लिक एकदम संथ होतो आणि ड्रमर नेमका तिथेच सुटतो. शिवाय गिटारचा तो करकरीत आवाज ॲम्प सिम्युलेटरचे सगळे प्रीसेट पालथे घालूनही येत नाही.

मंद्रसप्तक:
२६९ हा एट्थ नोटचा (क्वार्टर नोटच्या निम्म्या लांबीच्या सुराचा) वेग आहे. रीपर क्वार्टर नोट मोजतो, म्हणून १३४.५ टाका. संथ होण्याचं कारण वेगळं: मेट्रोनोम खालच्या आकड्यावर वाजतो. ७/८ मध्ये दर एट्थला टिक, ४/४ मध्ये दर क्वार्टरला. चौथा बार ८/८ ठेवा, क्लिक एकसारखा राहील. शिफ्ट+सी दाबून पहिल्या बारवर ७/८, चौथ्यावर ८/८, पाचव्यावर परत ७/८ असे मार्कर टाका. ताळा करायचा तर २९ एट्थचं पूर्ण चक्र साधारण ६.५ सेकंदांत संपलं पाहिजे. ३.२ आलं तर २६९ अजून तसाच आहे.

ड्रमर तबला शिकलेला असेल तर काम सोपं: रूपकाची तीन आवर्तनं आणि केरव्याचं एक. फक्त रूपकात समेवरच 'खाली' (बिनजोराची जागा) असते ते विसरायला सांगा, इथे पहिल्या मात्रेवर जोर आहे. पियानोचा शांत तुकडा सरळ ४/४ आहे. त्याच्या आधीचा थांबा मात्र अंदाजाने नको, मूळ गाणं एका ट्रॅकवर ठेवून मोजा.

फझवाला:
सरळ २९/८ चा एकच मार्कर का नाही? कॉपी-पेस्टचा ताप वाचतो.

मंद्रसप्तक:
वाचतो, पण मग जोराची टिक २९ मात्रांतून एकदाच येते. सरावाला निरुपयोगी.

फझवाला:
पटलं. आता गिटार. प्रीसेटमध्ये ॲम्प आणि कॅबिनेट शोधत बसू नका. नाईन इंच नेल्सच्या ट्रेंट रेझ्नरने या अल्बमची बरीच गिटार झूम ९०३० या मल्टिइफेक्टमधून थेट मॅकमध्ये घेतली आणि टर्बोसिंथ या प्रोग्रॅममध्ये तिची मोडतोड केली. खोलीचा, स्पीकरचा आवाज तिथे नाहीच. म्हणून कॅब सिम्युलेशन बंद. इंटरफेसचा हाय-झेड (गिटारसाठीचा) इनपुट वापरा, पीक -१२ डीबीच्या आसपास ठेवा. मग फझ (आवाज फाडणारा इफेक्ट), त्यानंतर बिटक्रशर (डिजिटल दर्जा मुद्दाम घसरवणारा इफेक्ट) १२ बिट आणि २२ किलोहर्ट्झवर, शेवटी इक्यू: १०० हर्ट्झखाली कापा, ७ किलोहर्ट्झच्या वर उतरवा. कान किटतात ते याच वरच्या भागामुळे.

सिंगल कॉइलचा हम (विजेची घरघर) फझमध्ये कितीतरी वाढतो, आणि फझने आवाज इतका सपाट होतो की गेटला (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणाऱ्या इफेक्टला) सूर कुठे आणि हम कुठे हे कळतच नाही. म्हणून गेट साखळीच्या शेवटी ठेवा, पण त्याला ऐकवा स्वच्छ गिटार. स्वच्छ ट्रॅकचा मास्टर सेंड बंद करा. त्याचे दोन सेंड (आवाज दुसऱ्या ट्रॅकवर पाठवायचे मार्ग) फझच्या ट्रॅकवर न्या, एक चॅनेल १/२ वर, दुसरा ३/४ वर. रीगेटमध्ये (रीपरच्या गेटमध्ये) डिटेक्टर इनपुट ऑक्झिलरी करा, म्हणजे तो ३/४ वरची स्वच्छ गिटार ऐकेल. थ्रेशोल्ड -४५ डीबीपासून सुरू करा, ॲटॅक १, रिलीज ३० मिलिसेकंद. नोट करवतीने कापल्यासारखी तुटली पाहिजे. रिव्हर्ब हवाच असेल तर गेटनंतर, नाहीतर त्याची शेपूट छाटली जाईल.

लॅपटॉपच्या ॲडॅप्टरला तीन पिनचा, अर्थिंग असलेला सॉकेट द्या. निम्मी घरघर तिथूनच येते.

ठेका_चुकला:
क्लिक बसला, चक्र ६.५ सेकंदांत येतंय. कार्यक्रमात क्लिक फक्त ड्रमरला कसा द्यायचा? इंटरफेसला दोनच आउटपुट आहेत.

मंद्रसप्तक:
क्लिक पूर्ण डावीकडे, बाकी ट्रॅक मोनो करून पूर्ण उजवीकडे. साउंडवाल्याच्या हातात डीआय बॉक्समधून (सिग्नल मिक्सरला जुळवून देणाऱ्या डबीतून) फक्त उजवी केबल द्या, डावी ड्रमरच्या हेडफोन ॲम्पला. दोन्ही केबल मिक्सरला गेल्या की क्लिक हमखास मैदानभर ऐकू येतो.