मदत हवी आहे : नैरोबीतील गरीब वस्तीतल्या मुलांच्या टेनिस वर्गाला दरमहा पाठबळ कसे मिळवावे?

सर्वांना नमस्कार.

नोकरीनिमित्त मी बरीच वर्षे नैरोबीत राहतो. शहराच्या पश्चिमेकडील कावांगवारे या दाट वस्तीलगत एका शाळेच्या मैदानावर दर शनिवारी सकाळी, आणि शाळांना सुट्टी असली की आठवड्यातील बहुतेक दिवस, मुलांचा टेनिस वर्ग भरतो. त्याचे हिशेब आणि पत्रव्यवहार मी पाहतो. वर्ग सुरू केला तो स्थानिक पालकांनी, शिकवणारे दोन्ही प्रशिक्षकही त्याच भागात वाढलेले आहेत आणि माझ्यासारखे बाहेरचे लोक हाताखाली लागेल ते काम करतात. आमच्यापैकी कोणी येथे येऊन काही उभारले असा समज होऊ नये, म्हणून हे आधीच सांगतो.

अडचण अशी आहे. पुण्यामुंबईच्या आप्तांना आणि मित्रांना या वर्गाबद्दल कळले की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "जुन्या रॅकेट्स पाठवू का?" भावना चांगलीच आहे आणि रॅकेट्स उपयोगीही पडतात, पण आमचा वर्ग रॅकेटअभावी कधीच बंद पडलेला नाही. तो बंद पडतो प्रशिक्षकाचे मानधन थकल्यावर, कोर्टाचे भाडे भरता न आल्यावर आणि मोठ्या मुलांच्या मटाटूच्या, म्हणजे येथील खासगी मिनीबसच्या, भाड्याची सोय न झाल्यावर. वस्तू देणारे अनेक भेटतात, परंतु दर महिन्याला ठरावीक रक्कम देईन असे म्हणणारा मिळणे कठीण जाते. या दुसऱ्या प्रकारची मदत नीट, कायदेशीर आणि टिकाऊ रीतीने कशी उभी करावी, एवढाच माझा प्रश्न आहे.

खर्च नेमका कशावर होतो हे थोडे विस्ताराने सांगतो, म्हणजे सल्ला देणाऱ्यांना सोपे जाईल. लहान मुलांचे तसे स्वस्तात भागते. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने दहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी लाल, नारिंगी आणि हिरव्या चेंडूंचे टप्पे ठरवले आहेत. लाल चेंडू नेहमीच्या चेंडूपेक्षा सुमारे 75 टक्के संथ असतो आणि त्याचे कोर्ट अवघे 11 मीटर लांबीचे. त्यामुळे मैदानावर फक्कीने रेषा आखायच्या, दोन बाकांच्या मध्ये 80 सेंटीमीटर उंचीवर दोरी ताणायची आणि तिच्यावर जुन्या चादरीच्या पट्ट्या टाकायच्या, की नेट तयार होते. अशी चार कोर्टे शेजारी शेजारी मांडली तर दोन प्रशिक्षक तीसेक मुलांना एकाच वेळी हाताळू शकतात. खरा खर्च सुरू होतो तो मूल दहा-अकरा वर्षांचे होऊन पूर्ण कोर्टावर जायला लागले की. तशी कोर्टे मुख्यतः खासगी क्लबांत आणि महागड्या शाळांत आहेत. ती तासावर भाड्याने घ्यावी लागतात आणि वस्तीपासून लांब असल्यामुळे प्रवासखर्च वेगळा. पाऊस लागला की मटाटूचे भाडे हमखास वाढते. मार्च ते मे या मोठ्या पावसाच्या दिवसांत मातीची कोर्टे वापरता येत नाहीत, ते निराळेच.

प्रशिक्षकांची बाजू बहुतेक देणगीदारांच्या ध्यानात येत नाही. आपल्याकडच्या क्लबांत ज्यांना मार्कर म्हणतात, तशा कामावर आमचे दोघे पोट भरतात. सभासदांबरोबर खेळायचे, त्यांच्या मुलांना शिकवायचे आणि तासाचे पैसे घ्यायचे. शनिवारची सकाळ ही त्यांच्या कमाईची सर्वांत चांगली वेळ, आणि नेमकी तीच ते वस्तीतल्या मुलांना देतात. त्यांनी हे सेवाभावाने करावे अशी अपेक्षा ठेवणे मला गैर वाटते, कारण ज्याचे घरभाडे थकले आहे त्याच्यावर सेवाभावाची सक्ती करता येत नाही. सध्या आम्ही त्यांना जे देतो ते त्यांच्या बुडालेल्या कमाईच्या निम्मेही नाही.

बुटांचे सांगितल्याशिवाय चित्र पुरे होणार नाही. बहुतेक मुलांकडे एकच जोड असतो, तो म्हणजे शाळेचे काळे बूट. टेनिसमध्ये पाय सारखे आडवे घासतात, त्यामुळे वर्षभर पुरायचा जोड चार महिन्यांत टाचेशी झिजतो. एका आईने मला अगदी शांतपणे विचारले होते की खेळामुळे शाळेचे बूट फाटले तर शाळेत काय घालून पाठवू. त्या दिवसापासून आम्ही मैदानावरच वापरायच्या बुटांची पेटी ठेवली आहे. मुले आल्यावर मापाचा जोड काढतात, जाताना पुसून परत ठेवतात. आणि मधल्या सुट्टीत उजी, म्हणजे येथील पातळ गोडसर पेज, आणि उकडलेले अंडे दिले जाते. या दोन गोष्टींनंतर गळती कमी झाली.

मुलींची गळती मात्र अजून थांबलेली नाही. बारा-तेरा वर्षांची झाली की घरकाम आणि धाकट्या भावंडांची जबाबदारी अंगावर येते, आणि उशिरा परतण्याची भीती असते. भावंडांना सोबत आणायची मुभा दिल्यावर थोडा फरक पडला. येथे केनियाची टेनिसपटू अँजेला ओकुटोयी हिचे नाव प्रत्येक मुलीला ठाऊक आहे. जन्मतःच आई गेलेल्या अँजेलाला आणि तिच्या जुळ्या बहिणीला आजीने वाढवले. आजी नैरोबीतील एका शाळेत सफाईचे काम करीत असे आणि अँजेलाने वयाच्या चौथ्या वर्षी रॅकेट धरली. 2022 च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियन ओपनच्या कनिष्ठ गटात सामना जिंकून तिने इतिहास घडवला आणि त्याच वर्षी रोझ मारी नायकँप या डच जोडीदारासह विम्बल्डनच्या मुलींच्या दुहेरीचे विजेतेपद मिळवले; ग्रँड स्लॅमच्या कनिष्ठ गटात विजेतेपद मिळवणारी ती पहिली केनियन खेळाडू. पण देणगीदारांना ही गोष्ट सांगताना मी एक काळजी घेतो. ती एकट्या गुणवत्तेची गोष्ट नाही. तिला आधी कोर्ट मिळाले, पुढे आंतरराष्ट्रीय महासंघाच्या प्रशिक्षण केंद्रात जागा मिळाली, कासाब्लांकातील केंद्रात राहून सराव करता आला आणि नंतर अमेरिकेत विद्यापीठाच्या संघात प्रवेश मिळाला. यातील एखादी पायरी चुकली असती तर आज तिचे नाव कोणाला कळलेही नसते.

म्हणूनच "पुढचा विजेता शोधा, त्याचा सगळा खर्च आम्ही करू" असा प्रस्ताव आला की मला अवघडल्यासारखे होते. 1971 साली अमेरिकन टेनिसपटू आर्थर अॅश यांना कॅमेरूनमध्ये यानिक नोआ हा मुलगा दिसला आणि त्याने 1983 साली फ्रेंच ओपन जिंकली, हे खरे. परंतु त्या कथेच्या आशेवर पन्नासेक मुलांचा वर्ग चालवता येत नाही. एकाला निवडून बाकीच्यांना घरी पाठवणारी मदत आम्हाला नको आहे.

माझे प्रश्न थोडक्यात असे. भारतातून, विशेषतः एखाद्या न्यासामार्फत किंवा कंपनीच्या सामाजिक उत्तरदायित्व (सीएसआर) निधीतून, अशा वर्गाला पैसे देता येतात का? वैयक्तिक देणगीदारांनी दरमहा छोटी रक्कम पाठवायची तर कोणता मार्ग बरा? आणि ज्यांना वस्तूच द्यायच्या आहेत, त्यांना नेमके काय मागावे? वर्गाची स्थानिक नोंदणी झालेली आहे, बँकेत संस्थेच्या नावाचे खाते आहे आणि एम-पेसाचा, म्हणजे मोबाइलवरून पैसे पाठवण्याच्या सेवेचा, क्रमांकही कोणा व्यक्तीच्या नव्हे तर संस्थेच्याच नावाचा आहे.

प्रतिसाद १ (पुणे, सनदी लेखापाल)

आपला प्रश्न स्पष्ट असल्यामुळे उत्तरही स्पष्ट देतो. कंपन्यांच्या मागे लागू नका. 2021 च्या जानेवारीत सुधारलेल्या नियमांनुसार भारताबाहेर केलेला खर्च सामाजिक उत्तरदायित्वाच्या खात्यात धरला जात नाही; अपवाद आहे तो राज्याचे वा देशाचे प्रतिनिधित्व करणाऱ्या भारतीय खेळाडूंच्या परदेशातील प्रशिक्षणाचा, आणि तो आपल्याला लागू होत नाही. धर्मादाय न्यासांचेही तसेच आहे. न्यासाने आपले उत्पन्न भारताबाहेर खर्च केले तर प्रत्यक्ष कर मंडळाच्या खास आदेशाशिवाय त्या रकमेवर करसवलत मिळत नाही, आणि एवढ्या छोट्या कामासाठी कोणताही विश्वस्त त्या वाटेला जाणार नाही.

उरतो वैयक्तिक मार्ग, आणि तोच आपल्याला सोयीचा आहे. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंतची रक्कम परदेशी पाठवता येते आणि त्यात देणगीचाही समावेश आहे. पॅन द्यावा लागतो आणि बँकेत ए-टू हा अर्ज भरावा लागतो. या देणगीवर प्राप्तिकरात वजावट मिळणार नाही, हे देणाऱ्याला आधीच सांगावे. अनेक जण येथे विदेशी अंशदान कायद्याची भीती घालतात. तो कायदा भारतात येणाऱ्या परकी पैशांबद्दल आहे.

व्यवहारातली अडचण वेगळीच आहे. दरमहा हजार-दोन हजार रुपये पाठवायचे तर बँकेचे शुल्कच त्यातला मोठा वाटा खाते. त्यापेक्षा प्रत्येकाने वर्षाची रक्कम एकदाच पाठवावी आणि आपण तिचे बारा भाग करून वापरावे. पावती वर्षातून एक असली तरी हिशेब मात्र तिमाहीला पाठवा, कारण पुढच्या वर्षी पैसे पुन्हा येतात ते हिशेब वेळेवर पोचल्यामुळे.

प्रतिसाद २ (नाशिक, टेनिस प्रशिक्षक)

वस्तूंबद्दल लिहितो. घरोघरी पडून असलेल्या जुन्या रॅकेट्स बहुतेक 27 इंची, म्हणजे मोठ्यांच्या असतात. त्या सात-आठ वर्षांच्या मुलाच्या हाती दिल्या की मनगट दुखते आणि फटका चुकीचा बसतो. तुम्हाला 21, 23 आणि 25 इंची हव्यात, असे मागताना स्पष्ट लिहा. लहान मुलांच्या अशा रॅकेटचे वजन दोन-अडीचशे ग्रॅमच्या आसपास असते, त्यामुळे विमानाने येणाऱ्या ओळखीच्या माणसाच्या एका सामानात वीस रॅकेट्स सहज बसतात. तारा गेलेल्या असतील तर गटिंग, म्हणजे नव्या तारा बसवणे, भारतातच करून पाठवायला सांगा आणि मुलांसाठी मऊ नायलॉन वापरायला सांगा. पॉलिएस्टर नको, ती कोवळ्या हातांना कडक जाते.

चेंडूंचे मात्र फुकट ओझे होते. शंभर चेंडूंचे वजन पावणेसहा किलोच्या आसपास भरते, आणि डबा उघडला की काही आठवड्यांत त्यांचा दाब जातो. शिवाय नैरोबी सुमारे 1,800 मीटर उंचीवर आहे. 1,219 मीटरपेक्षा उंच ठिकाणी वेगळा चेंडू वापरण्याची तरतूद टेनिसच्या नियमांतच आहे, कारण विरळ हवेत नेहमीचा चेंडू फार उडतो. म्हणून मोठ्या मुलांच्या सरावासाठी दाबरहित चेंडू तिथेच विकत घ्या. महाग पडले तरी खूप टिकतात. लहानांसाठी फोमचे चेंडू येथून पाठवता येतील, ते हलके असतात. बुटांबद्दल आपण लिहिलेत ते वाचून वाटले की आमच्या अकादमीतल्या मुलांचे पाय दर वर्षी वाढतात, बूट लहान होतात, पण झिजलेले नसतात. ते गोळा करता येतील. मात्र केनियात वापरलेले बूट न्यायचे काय नियम आहेत ते विचारून कळवा.

प्रतिसाद ३ (लंडन)

आमच्या येथील काही मराठी कुटुंबांना रस आहे. ब्रिटनमध्ये नोंदणीकृत धर्मादाय संस्थेमार्फत पैसे गेले तर गिफ्ट एड योजनेत करदात्याच्या प्रत्येक पौंडामागे सरकारकडून 25 पेन्स वाढून मिळतात, आणि अशा संस्थेला परदेशात काम करण्याची मनाई नसते. स्वतःची संस्था काढण्यापेक्षा पूर्व आफ्रिकेत आधीपासून काम करणारी एखादी संस्था आपल्या वर्गाला जोडून घेईल का, ते मी विचारून पाहतो. ती मंडळी पहिल्यांदा बालसुरक्षेचे धोरण मागतील. प्रशिक्षकांची पोलिसांकडील चारित्र्य प्रमाणपत्रे, एकट्या मुलाबरोबर एकटा प्रौढ न राहण्याचा नियम आणि छायाचित्रांसाठी पालकांची लेखी संमती, हे तयार आहे का?

धागाकर्ता

तिघांचेही मनापासून आभार. चारित्र्य प्रमाणपत्रे दोघांचीही आहेत. छायाचित्रांची संमती आतापर्यंत तोंडी घेत आलो. केनियात 2019 पासून विदा (डेटा) संरक्षणाचा कायदा असल्यामुळे ती लेखी असलेलीच बरी, आणि येत्या पालकसभेत स्वाहिली व इंग्रजी अशा दोन्ही भाषांतला अर्ज भरून घेतो. बालसुरक्षेचे धोरण एका पानाचे आहे, ते वाढवून आपल्याला पाठवीन.

वापरलेल्या बुटांची मोठी खेप आणली तर मालतपासणी आणि निर्जंतुकीकरणाच्या प्रमाणपत्रांचा व्याप होतो, त्यामुळे ते नाशिकहून मागवीत नाही. येथे मितुंबाच्या, म्हणजे जुन्या कपड्यांच्या, बाजारात चांगले जोड मिळतात आणि पैसे वस्तीतल्याच विक्रेत्याला जातात. रॅकेट्स मात्र जरूर हव्यात, 23 इंचीच जास्त.

लेखापाल साहेबांना एक विचारायचे राहिले. वर्षाची रक्कम एकदम आली आणि मधेच प्रशिक्षक बदलला किंवा कोर्ट मिळेनासे झाले, तर उरलेला पैसा मुलांच्या शाळेच्या खर्चाकडे वळवता येईल का, की देणगीदाराकडून तशी परवानगी आधीच लिहून घ्यावी? वाक्यरचना कशी असावी याचा नमुना आपण येथेच दिलात, तर पावतीपुस्तक छापायला टाकण्यापूर्वी त्यात घालता येईल.