बेस पडला की व्होल्टेज ११ च्या खाली: मोठा अल्टरनेटर बसवू का?

डिकीतला_भूकंप:
गाडी जुनी डिझेल एसयूव्ही, लॅडर चासिसवाली (शिडीसारख्या चौकटीवर वेगळी बॉडी). अल्टरनेटरच्या (इंजिनाच्या बेल्टवर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राच्या) लेबलवर १४ व्होल्ट ९० अँपिअर. डिकीत २५०० वॉट आरएमएसचा (सतत देता येणारी ताकद) मोनोब्लॉक, म्हणजे एकाच चॅनेलचा बेसचा अँप, १ ओहमला, दोन १५ इंची सबवूफर. पुढे ७० एएचची साधी पाण्याची बॅटरी, मागे दुसरी बॅटरी नाही. केबल दुकानदाराने 'झीरो गेज' म्हणून दिलेली, पुढून मागे साडेपाच मीटर. अँपचं अर्थिंग (मायनसची तार) मागच्या सीटखाली पत्र्याला.

गाणं जोरात लावलं की हेडलाइट लुकलुकतात, अँपजवळचा मीटर ११ च्या खाली जातो आणि अँप प्रोटेक्टमध्ये, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद. दुकानदार म्हणतो १ फॅरडचा कपॅसिटर लाव. एक मिस्त्री २४० अँपिअरचा अल्टरनेटर ब्रॅकेट बनवून बसवून देतो म्हणतोय. आधी काय करू?

मल्टिमीटरवाला:
कपॅसिटरचे पैसे वाचवा. १ फॅरडचा कपॅसिटर १४.४ वरून १२.५ व्होल्टपर्यंत उतरताना जेमतेम २५ ज्यूल देतो. तुमचा अँप पूर्ण जोरात ३२०० वॉट ओढतो. भागाकार करा: ८ मिलिसेकंद. ४० हर्ट्झची एक लाटच २५ मिलिसेकंदांची असते, म्हणजे पहिली लाट संपायच्या आत कपॅसिटर रिकामा. शिवाय तो भरायचाही त्याच थकलेल्या अल्टरनेटरनेच.

३२०० कुठून आले? क्लास डी अँपची कार्यक्षमता ७८ टक्के धरली, २५०० भागिले ०.७८. १३.८ व्होल्टला हे २३० अँपिअरच्या आसपास होतं. गाण्यात सतत एवढा भार नसतो; बेसचंच गाणं असेल तर सरासरी निम्मा धरा, ११५. त्यात गाडीचा स्वतःचा खर्च, हेडलाइट, एसीचा ब्लोअर, पंखे, अंदाजे ३५. झाले १५०. तुमच्याकडे ९० आहेत, आणि तेही कागदावर. लेबलवरचा आकडा अल्टरनेटरच्या शाफ्टच्या ६००० आरपीएमचा असतो, इंजिनाच्या नव्हे. आयडलला निम्मा मिळाला तरी नशीब, आणि गरम झाल्यावर आणखी घसरतो.

म्हणून मोठा अल्टरनेटर लागणार, यात वाद नाही. पण तो आजच घेऊ नका. व्होल्ट नेमके कुठे गळतात ते आधी मोजा. ४० हर्ट्झचा सलग टोन लावा, इंजिन १५०० आरपीएमला, एका वेळी १० सेकंदच, नाहीतर व्हॉइस कॉइल (सबवूफरच्या आतली तारेची गुंडाळी) भाजेल. चार आकडे हवेत: बॅटरीच्या दोन टर्मिनलांत किती, बॅटरीच्या प्लसपासून अँपच्या प्लसपर्यंत किती, बॅटरीच्या मायनसपासून अँपच्या मायनसपर्यंत किती, आणि केबलमधला करंट. प्रोब बॅटरीच्या शिशाच्या खांबावर टेकवा, क्लॅम्पवर नको, म्हणजे खांब आणि क्लॅम्पमधला खराब सांधाही मोजणीत येतो. क्लॅम्प मीटर (केबलभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजणारा) डीसी मोजणारा हवा. इलेक्ट्रिशियनकडे सहसा असतो तो फक्त एसीचा. तो इथे काहीतरी भलताच आकडा दाखवेल.

डिकीतला_भूकंप:
मोजलं. बॅटरीवर १२.४. प्लसच्या बाजूने ०.८५. मायनसच्या बाजूने ०.७. करंट १७०. अँपवर १०.८५ उरतात.

तांबेतार:
दीड व्होल्ट नुसते वायरिंगमध्ये! मोठा अल्टरनेटर बसवला असता तर करंट आणखी वाढला असता आणि गळतीही वाढली असती.

आधी प्लस. ०.८५ भागिले १७० म्हणजे ५ मिलिओहम. झीरो गेज म्हणजे साधारण ५० चौरस मिमी. त्या मापाच्या शुद्ध तांब्याचा रोध मीटरला ०.३४ मिलिओहम, साडेपाच मीटरला १.९. तुमचा अडीचपटीहून जास्त आहे. याचा अर्थ केबल तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची, वर जाड रबर आणि आत ३५ चौरस मिमीच. असल्या तारेचा रोध तांब्याच्या दीडपट असतो, म्हणजे चार मिलिओहमच्या आसपास; उरलेला फ्यूज आणि सांध्यांत. खात्री करायची तर एक धागा लायटरवर धरून ब्लेडने खरवडा, आतून पांढरा निघाला की कळलं. किंवा वजन करा: ५० चौरस मिमीच्या एक मीटर केबलमध्ये नुसतं तांबंच ४४० ते ४५० ग्रॅम भरतं. मुलाम्याची तार त्याच्या चाळीस टक्केही भरत नाही.

ऑडिओच्या दुकानात जाऊ नका, वेल्डिंगची तांब्याची केबल घ्या, ७० चौरस मिमी. घेताना तांब्याचीच मागा, ॲल्युमिनियमचीही विकली जाते. मीटरला ०.२५ मिलिओहम पडेल, साडेपाच मीटरला १.३५. फ्यूज आणि सांधे धरून पावणेदोन. १७० अँपिअरला ०.३ व्होल्ट.

आता मायनस, खरी गोम इथे आहे. लॅडर चासिसच्या गाडीत बॉडी रबरी माउंटवर बसलेली असते. मागच्या सीटखालचा पत्रा आणि चासिस यांना जोडणारी कंपनीची एखादी बारीक वेणीची पट्टी असते, तीही गंजलेली. तुमचे १७० अँपिअर त्या पट्टीतून परत येतायत. सीटखालचा बोल्ट कितीही घासून चकचकीत केलात तरी हे सुटणार नाही. अँपच्या मायनसपासून थेट बॅटरीपर्यंत तीच ७० ची केबल, काळी. मोनोकॉकवाल्यांना (बॉडी आणि चासिस एकच असलेल्यांना) पत्रा चालून जातो, तुम्हाला नाही.

याशिवाय पुढचे तीन नेहमीचे जोड: अल्टरनेटरचा बी प्लस (आउटपुटचा बोल्ट) ते बॅटरी प्लस, बॅटरी मायनस ते चासिस, इंजिन ब्लॉक ते चासिस. कंपनीच्या तारा काढू नका, त्यांच्या जोडीला नव्या टाका. चासिसला भोक पाडायचं नाही. चासिसच्या लांब तुळईच्या (रेलच्या) उभ्या बाजूला आधीचं भोक शोधा, फ्लॅप डिस्कने पांढरं लोखंड दिसेपर्यंत घासा, लग (केबलच्या टोकाचं भोकाचं टर्मिनल) कसा, मग वरून रंग मारा. सीटबेल्टच्या बोल्टला कोणी अर्थिंग जोडलं असेल तर आजच काढा.

लग टिन केलेले तांब्याचे, ७०-१०, म्हणजे ७० ची तार आणि १० मिमीचं भोक. हायड्रॉलिक प्रेस आणि षटकोनी डाय. हातोडीने ठोकलेला लग वरून छान दिसतो, ओढला की निसटतो. नुसतं सोल्डरिंगही नको: सोल्डर तारेत वर चढतं, तिथे केबल कडक होते आणि डिझेलच्या थरथरीने नेमकी त्या कडेला तुटते. प्रेस झाल्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी).

फ्यूज अँपसाठी नसतो, केबलसाठी असतो. बॅटरीपासून ४५ सेंमीच्या आत, ३०० अँपिअरचा एएनएल (बोल्टने बसणारा पट्टीचा फ्यूज). मागे दुसरी बॅटरी टाकलीत तर त्या टोकालाही एक, कारण मध्ये केबल कापली गेली तर दोन्हीकडून आग लागते. फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) भोकात ग्रोमेट (रबरी कडं) घालायचाच. फ्यूज होल्डर हाताला चटका देत असेल तर दोष फ्यूजचा नाही, स्क्रू ढिला आहे.

बारा_एमएम_प्लेट:
ब्रॅकेटवर लिहितो, कारण मिस्त्री लोक इथेच माती खातात.

पहिली पसंती: जुन्याच जागी बसणारा मोठा अल्टरनेटर. तेच कान (बोल्ट जातो ते उंचवटे), तीच पुली. जागा नसेल तरच दुसरा बसवा. दुसरा बसवताना आधी पुठ्ठ्याचा, मग ६ मिमी प्लायचा नमुना करून बॉनेट बंद करून बघा. पाइप, रेडिएटरचा पंखा, स्टिअरिंगची रॉड सगळ्यांपासून बोटभर अंतर. त्यानंतर १० ते १२ मिमी एमएस (माइल्ड स्टील) प्लेट लेझरने कापून घ्या. ३ मिमीचा अँगल वळवून वेल्ड मारलेला ब्रॅकेट डिझेलवर टिकत नाही, चीर वेल्डच्या कडेनेच जाते. दोन प्लेट, मध्ये पाइपचा स्लीव्ह, त्यातून आरपार एम१० चा ८.८ ग्रेडचा बोल्ट. अल्टरनेटरचा कान दोन्हीकडून धरला गेला पाहिजे. ब्लॉकमध्ये जाणारे बोल्ट जुन्यापेक्षा प्लेटच्या जाडीइतके जास्त लांब घ्या. ॲल्युमिनियमच्या कास्टिंगमध्ये एम१० ला किमान १५ मिमी आटे बसले पाहिजेत.

सगळ्यात मोठी चूक: अल्टरनेटर इंजिनावर आणि ताणाची पट्टी चासिसवर. इंजिन रबरावर हलतं, चासिस हलत नाही. दर गिअरला बेल्ट सैल-घट्ट होतो आणि शेवटी उडतो. सगळं इंजिनावरच.

पुलींची रांग पट्टी लावून बघा, १ मिमीपेक्षा जास्त फरक नको. क्रँकची पुली १५० आणि अल्टरनेटरची ५५ मिमी असेल तर गुणोत्तर २.७, ८०० च्या आयडलला शाफ्ट २१६० वर, ४५०० ला १२१५० वर. बहुतेक अल्टरनेटरना १८००० चालतात, म्हणजे पुली अजून थोडी लहान करायला वाव आहे. पण फार लहान केली की बेल्टचा विळखा कमी होतो. १२० अंशांखाली विळखा गेला तर आयडलर (बेल्ट वळवणारी मोकळी पुली) टाका. २४० अँपिअर म्हणजे बेल्टवर सात-आठ हॉर्सपॉवरचा भार, एकेरी व्ही-बेल्ट किंचाळणारच. निदान ६पीके (सहा खाचांचा बेल्ट) हवा.

क्रँक पुलीला जादा खाचांची रिंग लावायची तर वेल्ड करू नका. त्या पुलीच्या पोटात थरथर शोषणारं रबर असतं, ते उष्णतेने सुटतं. लेथवर कातलेली रिंग बोल्टने जोडा आणि बॅलन्स करून घ्या.

आणि ब्रॅकेटला पावडर कोटिंग केलंत तर अल्टरनेटरचं अर्थिंग गेलं. अल्टरनेटरच्या बॉडीवरून वेगळी काळी केबल बॅटरीला न्या.

रिवाइंडिंग_झिंदाबाद:
एवढा खर्च कशाला? ९० चाच अल्टरनेटर जाड तारेने रिवाइंड करून १५० करून देतात. आणि मागे लिथियम टाका, विषय संपला.

तांबेतार:
स्टेटरची (न फिरणाऱ्या भागाची) तार जाड केल्याने १५० होत नाहीत, भाऊ. रोटरचं (फिरणाऱ्या भागाचं) चुंबकीय क्षेत्र तेवढंच राहतं, आणि जाड तारेचे वेढे कमी बसले की आयडलचं आउटपुट उलट खाली येतं. डायोडचाही (एसीचं डीसी करणाऱ्या भागांचाही) हिशोब आहे: सहा डायोडच्या ब्रिजमध्ये प्रत्येकातून सरासरी एक तृतीयांश करंट जातो. १५० ला प्रत्येकी ५० अँपिअर. जुने ३५ चे डायोड तसेच ठेवून दिले तर पहिल्याच लांबच्या रात्री जातात.

लिथियम वाईट नाही, पण बॉनेटखाली नको. तिथली उष्णता सेलला मारते. चार सेलच्या एलएफपीला (लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीला) १४.६ च्या वर जाऊ द्यायचं नाही. गाडी चालू असताना बीएमएसने (बॅटरीतल्या संरक्षण सर्किटने) बॅटरी तोडली तर अल्टरनेटरचा झटका थेट ईसीयूवर (इंजिनाच्या कॉम्प्युटरवर), म्हणून पुढची लेड बॅटरी काढू नका. आणि कोणतीही बॅटरी वीज तयार करत नाही. १५० खर्च आणि ९० आवक असेल तर ती फक्त उशिरा संपते.

या माणसाला मागे १०० एएचची एजीएम (बंद, न सांडणारी लेड बॅटरी) पुरेशी आहे. केबिनमध्ये पाण्याची बॅटरी मात्र नाहीच, चार्ज होताना हायड्रोजन सुटतो. आणि ती पट्ट्याने घट्ट आवळा; ३० किलोची वस्तू ब्रेकला पुढे येते.

डिकीतला_भूकंप:
म्हणजे क्रम असा: दोन्ही केबल, फ्यूज, मग एजीएम, मग अल्टरनेटर. बरोबर? आणि दोन अल्टरनेटर झाले तर रेग्युलेटरचं (व्होल्टेज ठरावीक ठेवणाऱ्या भागाचं) काय?

मल्टिमीटरवाला:
क्रम बरोबर. केबल बदलल्यावर तोच टोन, तेच १० सेकंद. प्लसला ०.३ आणि मायनसला ०.२५ च्या आसपास यायला हवं, म्हणजे अल्टरनेटरला हात न लावता १ व्होल्ट परत. जास्त आलं तर एकेक सांधा मोजा: फ्यूजच्या दोन बाजू, लग आणि केबल, लग आणि खांब. ०.०५ च्या वर दाखवणारा सांधा खोला.

दोन अल्टरनेटर असतील तर दोघांना मिळून एकच बाहेरचा रेग्युलेटर, नाहीतर सेटिंग सारखं असलेले दोन. एकाचं १४.२ आणि दुसऱ्याचं १४.६ असेल तर १४.६ वाला सगळा भार ओढून भाजतो, दुसरा आराम करतो. सेन्सची तार (रेग्युलेटर जिच्यातून व्होल्टेज बघतो ती) बी प्लसवर नाही, बॅटरीच्या प्लसवर, ५ अँपिअरच्या फ्यूजमधून. ती तुटली तर काही रेग्युलेटर व्होल्टेज वाढवत नेतात, म्हणून तिला नीट कॉन्ड्युटमधून (संरक्षक नळीतून) न्या. सेटिंग १४.४ ठेवा, एजीएमला १४.८ च्या वर नको.

तुमच्या गाडीत नसेल, पण नव्या गाडीवाल्यांनी बॅटरीच्या मायनसवर करंट सेन्सरची डबी आहे का बघा. असली तर काळी केबल डबीच्या चासिसकडच्या बाजूला जोडा. थेट खांबाला जोडलीत तर ईसीयूला अँपचा करंट दिसतच नाही आणि चार्जिंगचं गणित बिघडतं.

बारा_एमएम_प्लेट:
अल्टरनेटर उलट्या तोंडाने बसवायची वेळ आली तर आतल्या पंख्यांचे पाते कुठे वळलेत ते बघून घे. करंट दोन्ही दिशांना तेवढाच निघतो, हवा मात्र निघत नाही. आणि बेल्ट नवा टाकल्यावर पहिल्या २०० किमीनंतर ताण पुन्हा दे: सगळ्यात लांब भाग दोन बोटांनी पिळला तर पाव वळसाच फिरला पाहिजे.