मजुरी कोण ठरवतं? किनारपट्टीवरचे तुमचे अनुभव सांगा

भांडवलशाही की सरकारी नियंत्रण हा वाद आपल्याकडे पुस्तकातून आलेला नाही. अलिबागजवळच्या चरीच्या कुळांनी 1933 पासून सहा वर्षं खोतांच्या जमिनी पडीक ठेवल्या त्या याच किनाऱ्यावर. घराघरातला एकतरी माणूस मुंबईच्या कापडगिरणीत होता तोही इथलाच. आजही आंब्याचा दर वाशीत ठरतो, मासळीचा जेटीवर आणि रोजगार हमीचा दिल्लीत. त्यामुळे आपल्यासाठी हा वाद रोजच्या पोटाचा आहे.

म्हणून हा धागा. कोणती बाजू बरोबर यावर भाषण नको, अनुभव हवेत. मजूर असा, मालक असा, घरात कुणी खलाशी किंवा गिरणीवाला असो. पैसे कसे ठरतात, कोण मोजतं, कधी हातात पडतात, सरकार मधे आलं तेव्हा काय बदललं, ते लिहा. मालकाचं किंवा कंपनीचं नाव मात्र घालू नका.

माझं म्हणणं आधीच सांगतो. मी रत्नागिरीत लहान व्यावसायिकांचे हिशेब लिहितो, हजेरीपट आणि मजुरीच्या वह्या रोज हाताखालून जातात. मालक खाजगी आहे की सरकारी, यापेक्षा हिशेबाची वही मजुराला उघडून बघता येते का, यावर मजुरी रास्त राहते असं माझं मत झालं आहे. पटत नसेल त्यांनी आवर्जून लिहावं.

हर्णै, तांडेल

आमच्या बोटीवर पगार नाही, वाटा आहे. मासळी लिलावात गेली की आलेल्या रकमेतून आधी डिझेल, बर्फ, रेशन आणि आडत वजा होते. उरेल त्याचे दोन भाग. एक बोटीचा आणि जाळ्याचा, म्हणजे मालकाचा. दुसरा माणसांचा, त्यात तांडेलाचे, म्हणजे बोट चालवणाऱ्या मुख्य माणसाचे, दोन वाटे आणि खलाशाचा एक. नेपाळहून आलेली पोरं महिन्याच्या पगारावर असतात. त्यांना वाटा नको असतो, कारण बोट रिकामी आली तरी पगार चुकत नाही. मला त्यांचं पटतं. वाट्यात नफ्याबरोबर तोटाही वाटून घ्यावा लागतो, आणि तोटा सोसायची ताकद मालकाइतकी खलाशाकडे कधीच नसते.

आता आमचा मालक कोणी बडा शेठ नव्हे. इंजिन बदलायला त्याने व्यापाऱ्याकडून पैसे उचललेत. व्यापारी व्याज घेत नाही, पण मासळी त्यालाच घालायची आणि दर तो सांगेल तो. शेजारच्या बोटीच्या सुरमईला लिलावात जास्त मिळाले तरी आमची सुरमई त्याच्याच टपात जाते. किलोमागे जे रुपये तुटतात ते मालकाच्या भागातून जातात तसे आमच्याही भागातून जातात. कर्ज मात्र आम्ही काढलेलं नाही. हे मी बोटीवर बोललो. मालक म्हणाला, "मग इंजिन कुणी द्यायचं?" त्याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही.

1 जून ते 31 जुलैची बंदी मी मनापासून मानतो. मासळी टिकली तर आम्ही टिकू. पण त्या दोन महिन्यांत खलाशाच्या घरात पैसा यायचा बंद होतो, उचल घ्यावी लागते, आणि ऑगस्टात बोट निघते ती ही उचल फेडायलाच.

वेंगुर्ले, काजू सोलणी

आमचं युनिट लहान, सगळ्या बायका. बी आधी वाफेवर उकडतात, मग पायाने चालवायच्या मशीनवर कटिंग, मग गर ड्रायरमध्ये, आणि शेवटी आम्ही वरची साल काढतो. कटिंगवाल्यांच्या बोटांना चीक लागतो. खोबरेल लावून बसल्या तरी कातडी काळी पडून सोलवटते, जेवताना तिखट झोंबतं. त्यांना रोजावर पैसे, आम्हाला किलोवर. अख्ख्या गराचा एक दर, तुकड्याचा कमी.

तुकडा का पडतो ते सांगते. ड्रायरमधून गर नीट वाळून आला तर साल अलगद निघते. ओलसर राहिला तर साल धरून बसते आणि नखाने खरवडताना गर दुभंगतो. ड्रायर आमच्या हातात नाही, लाईट जाते तीही आमच्या हातात नाही. पैसे मात्र आमचे कमी होतात. हे सगळ्यांना कळत होतं, पण विचारायचं कुणी?

सुरुवात झाली वजनकाट्यावरून. संध्याकाळी वजन व्हायचं तेव्हा काट्याचा आकडा सुपरवायझरच्या बाजूला असायचा. तो बोलेल तो आकडा वहीत. आमच्यातल्या एका वयस्क काकींनी एक दिवस आपला डबा काट्यावरून उचललाच नाही. "माझो हिशोब माका दाखव. आकडो माका दिसाक होयो," म्हणाल्या. मागे आम्ही सगळ्या उभ्या. शेवटी काटा फिरवला. आता प्रत्येकीकडे छोटी डायरी आहे, रोजचं वजन त्यात, खाली त्याची सही. दर तोच राहिला, तरी महिन्याला हातात पडणारे पैसे वाढले.

नंतर बचत गटाच्या बैठकीत कळलं की किलोवर किंवा नगावर काम करणाऱ्यालाही किमान वेतनाचं संरक्षण आहे, वेळेप्रमाणे ठरलेल्या किमान दरापेक्षा कमी पडता कामा नये. मालकाला सांगितलं. तो म्हणाला, आफ्रिकेची बी येते म्हणून बाजार पडलेला असतो, बाहेर व्हिएतनामचा गर स्वस्त, दर वाढवला तर कुलूप लावावं लागेल. तो खोटं बोलत नाही हे मला माहीत आहे. पण त्याची अडचण दर वेळी आमच्याच डब्यातून का वजा व्हावी?

देवगड, आंबा बागायतदार

मी मालकाच्या बाजूने लिहितो. माझी कलमं 1990 नंतर रोजगार हमीतून फळबाग लागवड सुरू झाली तेव्हाची. खड्डे, कलमं, मजुरी सरकारने दिली म्हणून कातळाच्या सड्यावर बाग उभी राहिली. सरकारी पैशावर उभा राहिलेला मी खाजगी मालक आहे आणि ते मोकळेपणाने सांगतो.

पण मजुरी सरकारने वाढवली नाही. आपल्या राज्यात रोजगार हमीचा दर 2025-26 मध्ये दिवसाला 312 रुपये होता. त्या पैशात एप्रिलच्या उन्हात झाडावर चढायला कुणी येणार नाही. झेल्याने, म्हणजे काठीला लावलेल्या जाळीने, आंबा देठासकट उतरवायचा, फळावर चीक सांडू द्यायचा नाही, हे कसबी काम आहे. अशा गड्याला मी त्याच्या दुपटीहून जास्त देतो, वर जेवण. गावातली पोरं मुंबई-गोव्याला गेली, हात कमी पडले, म्हणून दर चढला. हे बाजाराचं श्रेय आहे आणि ते बाजाराला द्यायला हवं.

एका ठिकाणी मात्र बाजार मागे आहे. रोजगार हमीत बाई आणि पुरुष यांना एकच दर. आमच्याकडे बागेत गवत काढायला, पेट्या भरायला येणाऱ्या बायकांचा रोज पुरुषांच्या निम्म्याच्या आसपास असतो. समान वेतनाचा कायदा 1976 मध्येच झाला. गेल्या हंगामापासून मी भरणीच्या बायकांचा रोज वाढवलाय, शेजारच्या बागायतदारांनी त्यावरून मला बोल लावले.

आणि माझी स्वतःची मजुरी कोण ठरवतं तेही ऐका. पेटी वाशीला जाते, काय दराने गेली ते पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, हातात आल्यावर कळतं. 2016 मध्ये राज्य सरकारने फळं-भाजी बाजार समितीच्या बंधनातून बाहेर काढली आणि आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरवलं. निर्णय चांगला होता. पण मोहोराच्या वेळी फवारणीला ज्याच्याकडून पैसे घेतलेत त्याच्याच गाळ्यावर माल उतरतो. तांडेलांनी लिहिलंय त्यात सुरमईच्या जागी हापूस घाला, बाकी तेच.

धागाकर्ता

देवगडकर, बागेच्या राखणीला असणाऱ्या नेपाळी कुटुंबाशी पैसे कसे ठरतात? काही लेखी असतं का?

देवगड, आंबा बागायतदार

लेखी नाही, तोंडी. वर्षानुवर्षं तेच कुटुंब येतं, दिवाळीनंतर, आणि आंबा संपेपर्यंत मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात, राहतं. महिन्याचा आकडा ठरलेला, रेशन माझ्याकडून. थोडे पैसे मधे लागतील तसे, बाकी जाताना एकदम. अवेळी पावसाने फळ गेलं त्या वर्षीही ठरलेले पैसे दिले. पण तुमचा प्रश्न बरोबर आहे. उद्या माझ्या मुलाने नाकारले तर त्या माणसाच्या हातात चिठोरंही नाही.

लांजा, गिरणी कामगाराची मुलगी

धागाकर्त्यांचं म्हणणं मला अर्धंच पटतं. वडील लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. पगाराचा हिशेब त्यांच्या हातात दर महिन्याला यायचा, सगळा उघडा. तरीही 18 जानेवारी 1982 ला मुंबईतले सुमारे अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे संपावर गेले. कारण कामगारांच्या वतीने बोलायचं कुणी, हे 1946 च्या कायद्याने आधीच ठरवून टाकलं होतं. उद्योगात एकच मान्यताप्राप्त युनियन, आणि ती मान्यता राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे. हजारो माणसं एका बाजूला आणि वाटाघाटीच्या टेबलावर दुसरंच कुणी. वही दिसून काय उपयोग, बोलायला आपला माणूस नसेल तर?

संपात आई आम्हाला घेऊन गावी आली. मनीऑर्डर बंद. भात घरचं होतं म्हणून उपास पडले नाहीत, एवढंच. आजीने पाटल्या विकल्या त्या पुन्हा झाल्या नाहीत.

1983 मध्ये केंद्र सरकारने मुंबईतल्या 13 गिरण्यांचं व्यवस्थापन ताब्यात घेतलं, त्यात वडिलांची गिरणी होती. साचे तेच, गर्मी तीच, कामावर देखरेख करणारा जॉबरही तोच. पण पगार वेळेवर व्हायला लागला आणि पुन्हा मनीऑर्डर सुरू झाली. सरकार नको असं मी म्हणू शकत नाही, माझी शाळा त्या मनीऑर्डरीवर झाली. पुढे त्याच गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर आले. कामगारांच्या घरांची पहिली सोडत निघाली 2012 मध्ये, संपाला तीस वर्षं होऊन गेल्यावर. वडिलांनी अर्ज भरला होता. सोडत बघायला ते राहिले नाहीत.

गुहागर, घरगुती निवास चालवतो

थोडक्यात लिहितो. दिवाळी, नाताळ आणि मे महिना सोडला तर खोल्या रिकाम्या. स्वयंपाकाच्या मावशी आणि दोन मुलं यांना मी बारा महिने पगार देतो, कारण एकदा सोडले की परत मिळत नाहीत. कायद्याच्या भीतीने कुणी पगार देत नाही, माणूस टिकावा म्हणून देतो. सरकारने रस्ता नीट करावा, वीज द्यावी, आम्ही माणसांचं बघू.

सुधागड, शिक्षक

गुहागरच्या मित्राला उत्तर देतो. त्यांच्या मावशी सोडून जाऊ शकतात, म्हणून त्यांना पगार नीट मिळतो. माझ्या शाळेतल्या कातकरी मुलांचे आईबाप सोडून जाऊ शकत नाहीत.

पावसात घरात दाणा नसतो तेव्हा मुकादम उचल देऊन जातो. दिवाळी झाली की कुटुंबच्या कुटुंब वीटभट्टीवर नाहीतर कोळशाच्या भट्टीवर, लेकराबाळांसकट. तिथे आठवड्याला खर्ची मिळते, मजुरी नाही. मे संपताना हिशेब होतो. उचल, खर्ची, दवाखाना, गाडीभाडं सगळं वजा होऊन वर काही रुपये बाकी निघतात. "फिटलं नाही, पुढल्या साली या." वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा 1976 चा आहे आणि त्यात असं कर्ज रद्दच होतं. पण कायदा भट्टीवर चालत जात नाही.

आठवीतली एक मुलगी आईबापांबरोबर गेली होती. जाताना मी तिला वही दिली आणि सांगितलं, दर आठवड्याची खर्ची आणि थापलेल्या विटा लिही. तिने लिहिल्या. तारीख, खर्ची, विटा, कधी मधे "आज पाऊस, काम नाही". मेमध्ये मालकाचा आकडा आणि तिचा आकडा जुळेना. ती वही घेऊन आम्ही तहसीलदारांकडे गेलो. त्यांनी मालकाला बोलावलं, बाकी रद्द झाली, उलट काही हजार त्या कुटुंबाला मिळाले. तेव्हा मला बाजार हवा की सरकार हे विचारू नका. तिथे मुलीची वहीही लागली आणि तहसीलदारही लागला.

मालवण, रापणीचे घर

रापणीबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. होडीतून जाळं अर्धगोल सोडत आणतात आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसं ओढतात. ओढणाऱ्या प्रत्येकाला वाटा. आमच्या संघात जाळ्याचा आणि होडीचा वाटा वेगळा निघतो, बाकी माणसांत. माझे सासरे हात थकल्यावर दोर ओढू शकत नव्हते, तरी त्यांचा वाटा घरी यायचा, ते गेल्यावर सासूबाईंना काही काळ आला. वाटणी वाळूतच, सगळ्यांच्या देखत होते. कमी वाटलं तर तिथेच भांडण, तिथेच निकाल.

पण वाटणी कितीही रास्त केली तरी समुद्रातच मासळी उरली नाही तर वाटायचं काय? ट्रॉलर आणि पर्ससीन, म्हणजे मोठ्या जाळ्यांच्या यांत्रिक बोटी, किनाऱ्याजवळ आले आणि रापणीला बांगडा येईनासा झाला. 5 फेब्रुवारी 2016 च्या आदेशाने पर्ससीन सप्टेंबर ते डिसेंबरपुरती मर्यादित केली. ती आमच्या माणसांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढून, केसेस अंगावर घेऊन मिळवली. भांडवल मोठं असलेल्याशी आम्ही एकटे लढू शकत नाही, तिथे सरकारच लागतं.

हर्णै, तांडेल

मालवणच्या वहिनी, एक विचारतो. रापणीत जाळं फाटलं, नवं घ्यायचं झालं तर पैसे कुणाचे? आमचं सगळं तिथेच अडतं.

मालवण, रापणीचे घर

भाऊ, आमच्याकडे जाळ्याचे तुकडे घराघराचे असतात, ते जोडून एक रापण. ज्याचा तुकडा फाटला त्याने शिवायचा. मोठा खर्च आला तर जाळ्याच्या वाट्यातून बाजूला ठेवलेले पैसे वापरतात, म्हणून व्यापाऱ्याकडे जावं लागत नाही. इंजिनाच्या बोटीला एवढ्याने भागणार नाही हे मला कळतं. पण तुमच्यात मच्छीमार सोसायटी असेलच. दर लिलावातून मालकाच्या भागातले थोडे आणि माणसांच्या भागातले थोडे सोसायटीत इंजिनाच्या नावाने ठेवले तर? मग खलाशांचाही त्या इंजिनात हिस्सा राहील, आणि मासळी कुणाला घालायची ते तुम्ही सगळे मिळून ठरवाल.

हर्णै, तांडेल

मालकाला दाखवतो हे. तो ऐकेल असं वाटतं, कारण व्यापाऱ्याच्या दराने तोही बेजार आहे. खलाशांपैकी दोघे आत्ताच हो म्हणालेत. पैसे कुणाच्या नावावर ठेवायचे आणि एखादा खलाशी हंगामात बोट सोडून गेला तर त्याचे परत कसे करायचे, हे कुणी सोसायटीत केलं असेल तर लिहा. धागाकर्ते हिशेब लिहितात, त्यांनीही सांगावं.

धागाकर्ता

प्रत्येक खलाशाच्या नावाचं वेगळं पान ठेवा, एकत्र रक्कम ठेवू नका. दर लिलावानंतर आकडा आणि त्याची सही. बोट सोडली तर पानावर असेल तेवढं परत, अशी अट पैसे गोळा करायला लागण्याआधी लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या, मालकाचीही. नेपाळी मुलांना सामील व्हायचं असेल तर अट त्यांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवा. वहीचा नमुना मी करून देतो, सोसायटीच्या सचिवांना आधी विचारून ठेवा.