अडीच वर्षांचं मूल: आधी खोली सजवायची की आधी डायपर सोडवायचा?

(ऑनलाइन चर्चेचा धागा. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

ताकभात

मूल दोन-अडीच वर्षांचं झालं की घरात दोन बेत एकदमच निघतात. त्याची वेगळी खोली करायची, आणि जूनमध्ये प्लेग्रुप सुरू व्हायच्या आत डायपर सोडवायचा. दोन्हींना एप्रिल-मेच सोयीचे, कारण त्या दिवसांत रंगही पटकन वाळतो आणि चड्ड्याही. म्हणून बरेच जण दोन्ही कामं एका सुट्टीत उरकायला जातात. माझ्या मते तिथेच चुकतं. एका वेळी एकच करावं, आणि आधी डायपर.

शू आल्याचं कळल्यापासून होईपर्यंत या वयात हातात मिनिट-दोन मिनिटं असतात. तेवढ्यात मोरीपर्यंतची वाट पायाखालची हवी. त्याच महिन्यात पलंग हलला, खोली बदलली, अंधारात दार कुठे ते कळेनासं झालं की मूल जागच्या जागी उभं राहून मोकळं होतं. शिवाय नवी गादी, नवा गालिचा. त्यावर शू झाली की मोठ्यांचा आवाज चढतो, मूल शी दाबून ठेवायला लागतं, आणि तिथून पुढे सगळंच अवघड.

तयारी कशी ओळखायची? दीड-दोन तास कोरडं राहतं, ओलं झालेलं त्याला खटकतं, चड्डी स्वतः गुडघ्यापर्यंत ओढता येते, ‘चड्डी काढ आणि बस’ एवढी जोडसूचना समजते. मग दिवसाचा डायपर पूर्ण बंद. रात्रीचा खुशाल राहू द्या. सैल इलॅस्टिकच्या आठ-दहा सुती चड्ड्या आणा; नाडी, बटण, डांगरी काही नको. उठल्यावर, जेवणानंतर १५ ते ३० मिनिटांनी, बाहेर पडण्याआधी आणि झोपण्याआधी बसवा. पाच मिनिटांत झालं नाही तर उठवा. दर अर्ध्या तासाला ‘शू आली का?’ विचारू नका. दोन दिवसांत ‘नाही’ हेच उत्तर पाठ होतं.

रंधा

साफ असहमत. खोली आधी. ‘गादी भिजते म्हणून नंतर’ म्हणणं म्हणजे आज भिजणाऱ्या गादीचा विचारच न करणं. शू होणार हे गृहीत धरून खोली केली तर ओरडायचं कारणच उरत नाही.

लहान मुलांच्या खोलीत सुतारकामाचे घोळ ठरलेले. पहिला, खाली पेटी असलेला बॉक्स बेड. गादीतून झिरपलेली शू वरच्या प्लायवर साचते, खालून हवा नाही, महिन्याभरात काळी बुरशी. त्याऐवजी पाच-सहा सेंटीमीटर फटी सोडून पट्ट्यांचा पलंग करा. गादीचा वरचा भाग जमिनीपासून ३० ते ४० सेंटीमीटर, म्हणजे मूल स्वतः उतरतं. दुसरा घोळ एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड. कडेतून ओल शिरली की ते फुगतं आणि परत बसत नाही. प्लाय घ्यायचा तर आयएस ७१० चा, म्हणजे ओल सोसणारा मरीन प्लाय, आणि प्रत्येक कापलेली कड एज बँडच्या पट्टीने बंद. जमिनीलगतचीसुद्धा, जी हमखास उघडी सोडतात कारण ती दिसत नाही.

गादीवर आधी वॉटरप्रूफ प्रोटेक्टर, त्यावर चादर, त्यावर दुसरा प्रोटेक्टर, परत चादर. रात्री दोनला वरचा जोड ओढून काढला की खाली कोरडं अंथरूण तयार. साधं मेणकापड घातलं तर घाम येतो आणि मूल त्यावरून सरकतं, म्हणून वरून सुती असलेला प्रोटेक्टर घ्या.

भिंतीला धुता येणारं इमल्शन, निदान खालच्या चार फुटांना. डबा नीट वाचून घ्या. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९०) वर असू नये हा नियम २०१६ चा, लागू झाला नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या ऑइल पेंटच्या जुन्या खिडक्या-दारं घरात असतील तर कोरडा पॉलिश पेपर मारू नका. ती धूळच घातक. पाणी लावून घासा आणि मुलाला तेवढे दिवस दुसरीकडे ठेवा.

गच्ची

दोघंही अडीच वर्षं धरून चाललात याचंच नवल वाटतं. आपल्याकडे चार-पाच महिन्यांच्या बाळाला आजी स्वतःच्या दोन्ही पावलांवर बसवून ‘शूऽऽ’ करायची आणि बाळ करायचं. हे फक्त आपल्याकडचं नाही. पूर्व आफ्रिकेतल्या डिगो लोकांची पद्धत १९७७ साली बालरोगाच्या मासिकात छापून आली. तिथे पाच-सहा महिन्यांची बाळं दिवसा बरीचशी कोरडी राहतात. डायपर चोवीस तास बांधला म्हणून तर अडीच वर्षांनी सोडवायचा प्रश्न येतो. लंगोटात ओलं कळतं, जेल भरलेल्या डायपरमध्ये कळत नाही.

आणि वेगळी खोली कशाला? साडेचारशे फुटांच्या घरात मूल आईजवळ झोपतं. त्याच्या शूची हालचालही तिलाच आधी कळते.

शेवगा

गच्ची, पावलांवर बसवण्याबद्दल तक्रार नाही. पण पाच महिन्यांचं बाळ शू धरत नसतं. त्याची वेळ ओळखण्याचं कसब आजीचं असतं. ती घरात असेपर्यंत छान चालतं. मुलाने स्वतः धरणं आणि स्वतः जाणं ही पुढची गोष्ट.

अमेरिकी बालरोगतज्ज्ञ ब्रेझल्टन यांनी १९६२ साली ११७० मुलांच्या नोंदी छापल्या. मुलाच्या कलाने घेतल्यावर दिवसाची सवय सरासरी २८ महिन्यांच्या आसपास लागली. २००३ मध्ये फिलाडेल्फियाकडच्या एका अभ्यासात दिसलं की २७ महिन्यांच्या आधी जोर लावून सुरू केलं तरी संपायची वेळ फारशी अलीकडे येत नाही, फक्त शिकवण्याचे महिने वाढतात. त्याच अभ्यासात लवकर सुरू केल्याने बद्धकोष्ठ झाल्याचं मात्र दिसलं नाही. म्हणजे ‘लवकर बसवलं तर मूल बिघडतं’ असं म्हणणारेही चूक.

खरी अडचण या धाग्यावर अजून कुणी नीट मांडली नाही: कडक शी. एकदा दुखलं की मूल दाबून धरतं. दाबलं की आतड्यात पाणी शोषलं जाऊन ती आणखी कडक होते, गुदाशय ताणतो, मग जाणीवच बोथट होते आणि कडेने पातळ शी चड्डीत गळते. घरच्यांना वाटतं मूल मुद्दाम करतंय, किंवा जुलाब झालेत. पडद्यामागे उभं राहून पाय आवळणं, पंजांवर चालणं ही ढकलण्याची नाही, दाबण्याची लक्षणं. असं दिसलं तर पॉटी थांबवा, डायपर परत चढवा, आधी पोट मोकळं करा. दूध दिवसाला ४०० ते ५०० मिलीच्या आत आणा. या वयात लिटरभर दूध पिणारी मुलं हमखास बद्धकोष्ठी. काळ्या मनुका भिजवून, पपई, वरणाचं पाणी नाही तर वरणच, पालेभाजी. तरी नाही झालं तर डॉक्टर. शी मऊ करणारं औषध कधी कधी काही महिने द्यावं लागतं, चार दिवसांत बंद केलं की परत तेच.

मोरपंखी

मला शी-शूचं भांडं (पॉटी) कुठे ठेवायचं यावर बोलायचंय. रंधा यांच्या हिशेबात ते खोलीत असणार. असावंच. दोन वर्षांच्या मुलाच्या मूत्राशयात साधारण ९० मिली मावतं, म्हणजे चहाचा छोटा कप. संडास पॅसेजच्या टोकाला असेल, चाळीत गॅलरीच्या टोकाला असेल, तर तिथवर पोचेपर्यंत सगळं संपलेलं असतं. पलंगापासून चार पावलांवर, फरशीवर, कोपऱ्यात भांडं. खाली जुना टॉवेल, शेजारी कोरड्या चड्ड्यांची टोपली.

ताकभात

खोलीत भांडं? मोरपंखी, मग मूल शिकतं की शी-शू झोपायच्या खोलीत करायची. ते एकदा सोडवा, आणि पुढे कमोड परत नव्याने शिकवा. शिवाय हात कुठे धुणार? धुणं हा सवयीचाच भाग आहे. भांडं पहिल्या दिवसापासून मोरीत किंवा संडासाच्या दाराशी. रिकामं करायचं, पाणी ओतायचं, हात धुवायचे, सगळं एका जागी. आणि खोलीच्या थीमला मॅचिंग, गाणी वाजवणारी, दिवे लागणारी भांडी तर नकोच. मूल त्यात बाहुली बसवतं.

भांड्याची उंची एवढी की दोन्ही तळवे जमिनीला टेकतील आणि गुडघे कमरेपेक्षा किंचित वर राहतील. कमोडवर छोटी सीट लावली तर पायाखाली पाट हवाच. पाय लोंबकळत असले की खालचे स्नायू सैल पडत नाहीत आणि शी अडते. मुलग्यांच्या भांड्याला पुढे उंच प्लास्टिकचं टोक असतं, त्यावर चढताना लागतं. टोक काढा आणि शूची जागा हाताने खाली दाबून बसायला शिकवा. मुलींना धुताना हात पुढून मागे, उलट नाही. आणि जेटचा फवारा पूर्ण सोडू नका. लोटा बरा.

मोरपंखी

झोपायच्या खोलीची सवय लागत नाही, मुलाला भांड्याची सवय लागते. भांडं आठवड्याला दोन पावलं दाराकडे सरकवा, महिन्या-दीड महिन्यात ते मोरीत पोचतं. हात धुण्याचा मुद्दा मान्य. भांड्यापासून थेट बेसिनपाशी, दर वेळी.

वास येतो तो साफ करायची पद्धत चुकते म्हणून. आधी कोरड्या फडक्याने टिपायचं, चोळायचं नाही. मग गार पाणी, परत टिपणं. गादीवर खायचा सोडा पसरून चार-पाच तासांनी झटकायचा आणि ऊन दाखवायचं. फरशीच्या सांध्यात जुनी शू असेल तर एन्झाइमवालं क्लीनर. ब्लीच ओतू नका. शिळ्या शूतल्या अमोनियाशी मिळून त्याचा डोळे-घसा जाळणारा वायू होतो, आणि वर संडास धुवायचं आम्ल पडलं तर क्लोरीन.

गच्ची

जुलैत मुंबईत गादीला कुठलं ऊन दाखवणार? म्हणून म्हणते, सतरंजी, वर गोधडी, त्यावर दुपटं. तिन्ही बादलीत मावतात.

रंधा

गोधडीचं पटलं. पण ताकभात, एप्रिलमध्ये खोली नाही केली तर कधी? पावसाळ्यात पुट्टी वाळत नाही, ओल्या भिंतीवर रंग फुगतो, वॉलपेपर तर कडेने सुटतोच. कोकणपट्टीत मुलाच्या खोलीला वॉलपेपर लावूच नये, मागे बुरशी धरते.

ताकभात

दिवाळीच्या आधी. ऑक्टोबरात भिंती सुकलेल्या असतात, रंगारी तसेही त्याच सुमाराला घराघरांत असतात. एप्रिल-मेमध्ये डायपर, जून ते सप्टेंबर सवय मुरते, ऑक्टोबरात खोली. रंगानंतर आठवडा-दोन आठवडे खिडक्या उघड्या टाकून मगच मूल तिथे झोपवायचं. आणि खोली बदलल्यावर काही दिवस परत चड्डी ओली झाली तर ते धरूनच चालायचं.

शेवगा

हे वेळापत्रक मला चालेल, एक दुरुस्ती करून: जून हा अंतिम दिवस मानू नका. मे अखेर मूल रडत असेल तर सोडा आणि महिन्याभराने परत. रात्रीचं तर याच्यात मोजूच नका. पाच वर्षांपर्यंत अंथरूण ओलं होणं हा आजार नव्हे. पाच वर्षांच्या शंभरातली साधारण पंधरा मुलं रात्री शू करतात. पण आधी कोरडं राहणारं मूल अचानक वारंवार ओलं करू लागलं, शू करताना रडलं, ताप आला किंवा फार तहान लागायला लागली, तर वाट न बघता लघवी तपासा.

रंधा

ऑक्टोबर मान्य, पण दोन कामं एप्रिलमध्येच करा, त्यांना रंग लागत नाही. मूल रात्री एकटं उठून फिरू लागणार, म्हणून कपाट आणि पुस्तकांचं शेल्फ वरून एल-पट्टीने भिंतीला बांधा. सिपोरेक्सच्या (हलक्या, सच्छिद्र ब्लॉकच्या) भिंतीत साधी गिट्टी सुटते, त्याचे लांब अँकर मिळतात ते वापरा. पलंग ते मोरी या वाटेवर पिवळसर मंद दिवा, गुडघ्याच्या उंचीवर, मुलाच्या डोळ्यात न जाणारा. आणि मोरीच्या दाराची आतली खालची कडी काढून टाका. मूल आत जाऊन ती लावतं, उघडता येत नाही, आणि दार फोडायला मलाच बोलावतात.