बारावी झाली, कॉलेज लगेच नको: सातारा-सांगलीकरांनो, माहिती असलेल्यांनी लिहा

माणगंगा:
निकाल लागला की पेढे संपायच्या आत "ॲडमिशन कुठं?" सुरू. जिथं कर्मवीर भाऊराव पाटलांनी, आपल्या अण्णांनी, 'कमवा आणि शिका' रुजवलं, तिथंच आता तीन वर्षं नुसती हजेरी लावायला फॉर्म भरतात, ते बघून जुनं सगळं आठवलं. असो. सुरुवात आयटीआयपासून करते. प्रवेश दहावीच्या गुणांवर, बारावीचे टक्के इथं चालत नाहीत. फिटर, इलेक्ट्रिशियन, मशिनिस्ट दोन वर्षांचे, वेल्डर एका वर्षाचा. पहिल्या क्रमांकाचा विकल्प मिळाला की प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या फेऱ्यांतून बाद. त्यामुळं मित्राचं बघून विकल्प भरू नका.

कुपवाडकर:
आयटीआयनंतर अप्रेंटिसशिप धरा, पण करार सरकारी पोर्टलवर नोंदलाय का ते पहिल्या महिन्यातच बघा. नोंद नसेल तर वर्षभर राबून परीक्षेला बसता येत नाही, म्हणजे फुकटची हमाली. २०१९ च्या नियमांत आयटीआयवाल्याला महिना किमान ७००० होते, दुसऱ्या वर्षी दहा टक्के जास्त. वेल्डरांसाठी एक: ३.१५ मिमीच्या रॉडला १०० ते १२० अँपिअर पुरे. पावसाळ्यात रॉड ओलसर होतो, मग जोडात बारीक भोकं पडतात आणि पोरं मशीनला शिव्या घालतात. रॉड कोरडे ठेवा ओ.

जरंडेश्वर:
७००० म्हणजे पेट्रोल आणि भडंग.

कुपवाडकर:
भडंग घरून आणायचं.

धावपट्टी:
साताऱ्याचा धागा आणि भरतीचं नाव नाही? पोलीस शिपाई: बारावी पास, पुरुषांना उंची १६५ सेंमी, मैदानी ५० गुण, लेखी १००. मैदानीत १६०० मीटरला २०, शंभर मीटरला १५, गोळ्याला १५. सगळे पळतात, गोळा कोणीच मनावर घेत नाही. ७.२६० किलोचा गोळा नुसत्या हातानं जात नाही, कंबर फिरली पाहिजे. रोज डांबरी रस्त्यावर पळून नडगी धरते, मातीवर पळा. अग्निवीरला आधी ऑनलाइन परीक्षा, मग मैदान. चार वर्षं, त्यातले पंचवीस टक्केच पुढं कायम. पहिल्या वर्षी ३०,००० पगार, त्यातले हातात २१,०००, बाकी सेवा निधीत, म्हणजे चार वर्षांनी एकरकमी मिळतो त्यात. हे घरी आधीच नीट सांगा.

विटेकर:
आमच्या खानापूर-आटपाडीकडं तिसरीच वाट, गलाई, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचा धंदा. देशभर आपली माणसं बसलीत, ओळखीनं पोरगं जातं. काम वाटतं तसं नुसतं आटवायचं नाही. सोन्यात तिप्पट चांदी घालून वितळवायचं, पाण्यात ओतून दाणे करायचे, मग नायट्रिकमध्ये तापवायचं. चांदी-तांबं विरघळतं, सोनं तळाला तपकिरी चुरा होऊन बसतं. चांदी कमी पडली तर ॲसिड आत पोचत नाही, जास्त झाली तर चुरा इतका बारीक होतो की धुताना वाहून जातो. पहिलं धुणं डिस्टिल्ड पाण्यानं. नळाच्या पाण्यातल्या क्लोराइडनं चांदीचा पांढरा साका धरतो आणि तो सोन्यात राहतो. मग वाळवून टाकणखार घालून मुशीत. आता धोका: ॲसिडमधून निघणारा तांबूस धूर. छातीत गेला तर लगेच काही वाटत नाही, काही तासांनी फुप्फुसात पाणी भरतं. खोलीला ओढ घेणारी चिमणी नसेल तर काका-मामाचं दुकान असलं तरी पोरगं पाठवू नका.

माणगंगा:
बापरे. हे पोरांना कोण सांगत नाही.

जरंडेश्वर:
सोनं काय भाव चाललंय म्हणे?

विटेकर:
ते विचारूच नका.

द्राक्षबाग_तासगाव:
मुलींनाही जमेल असं द्राक्षाचं कलम. पाऊस ओसरताना डॉगरीज जातीच्या खुंटावर, म्हणजे मुळाकडच्या रोपावर, पाचर कलम बांधतात. काडी पक्व, पेन्सिलीएवढी, दोन डोळ्यांची. पाचर दीड-दोन इंचाची, एका घावात. काडी बारीक नि खुंट जाड असेल तर मधोमध बसवू नका, एका बाजूची साल सालीला भिडवा, नाहीतर फुटून आठ दिवसांत वाळते. नंतर खुंटाचे फुटवे मोडत राहायचं. पैसे बांधलेल्या कलमांवर मिळतात, तेव्हा वाळलेली कलमं कोणाच्या अंगावर ते आधीच ठरवून घ्या.

कोयनाकाठ:
यासोबत मुक्त विद्यापीठाची पदवी चालते ना? बहिणीच्या मुलाला हवंय.

माणगंगा:
चालते. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त. अभ्यासकेंद्र जवळचं निवडा. जातपडताळणी राहिली असेल तर तीही आत्ताच लावा.

कोयनाकाठ:
आणि कलम शिकायला?

द्राक्षबाग_तासगाव:
ऑगस्टात नर्सरीत जा, टोळ्या तिथंच जमतात. चाकू स्वतःचा न्या, दाढीचं ब्लेड नको.